आधी मोजा, मग विणा: पुण्यातल्या रोजच्या गोष्टींवरून क्रोशाचं ब्लँकेट कसं आखावं

मी पहिलं ब्लँकेट शनिवारवाड्याचं विणलं. दिल्ली दरवाजाचा फोटो ग्राफ पेपरवर उतरवला, चौकटी रंगवल्या आणि एका चौकटीला एक खांब (क्रोशाचा उंच टाका) असा हिशेब धरून दीड महिना खपले. झाल्यावर आईनं ते दोन्ही हातांनी उजेडात धरलं, मान वाकडी केली आणि विचारलं, "गॅसची सिलिंडरं का गं काढलीस?"

ते बुरूज होते. चूक साधी होती. ग्राफ पेपरची चौकट चौरस असते, पण क्रोशाचा खांब रुंदीपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच असतो, त्यामुळे चित्र उभं ताणलं गेलं. चौकटीला चौकट हवी असेल तर मुका खांब घ्यायला हवा होता, तो बराचसा चौरस पडतो. पण खरी चूक त्याच्याही आधीची होती, आणि ती कळायला मला आणखी दोन ब्लँकेटं लागली. आवडलेल्या वस्तूचं चित्र उचलायचं नसतं, तिच्यातला हिशेब उचलायचा असतो. पाकळ्या किती, पट्ट्यांचा क्रम काय, काठ अंगाच्या कितवा हिस्सा, हे हाताला लागलं की विणकाम आपोआप त्या वस्तूसारखं दिसायला लागतं. चित्र काढून ते साधत नाही.

पुढे मी वापरते ती रीत दिली आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब आणि सरकता टाका एवढं येत असेल तर पुरे. घरोघरी नावं थोडी बदलतात. मी 'खांब' म्हणते तो सुईवर एक वेढा घेऊन घातलेला, 'दुहेरी' म्हणजे दोन वेढ्यांचा, आणि 'मुका' म्हणजे वेढा न घेता घातलेला.

पायरी पहिली: वही घेऊन बाहेर पडा

मोबाइलवर फोटो काढला की आपण बघणं थांबवतो. म्हणून खिशात मावेल अशी चौकटीची वही आणि पेन्सिल. कुठलीही वस्तू आवडली की चार प्रश्न विचारायचे: किती आहेत, कुठल्या क्रमानं आहेत, किती रुंद आहेत आणि कडेला जाऊन काय होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. कडेचा विचार न करता सुरू केलेली ब्लँकेटं माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही पिशवीत.

सराव करायला शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय चांगलं. दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या, आठवणीत उभा केलेला हा संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि बहुतेक वस्तू घरातल्याच: दिवे, अडकित्ते, दौती, नक्षीची दारं. तिथं पाय घासायच्या वज्र्या आहेत. वर मोर किंवा घोडा आणि खाली खडबडीत तळ. पहिल्या भेटीत मी मोर काढून आणला आणि त्याचं काही झालं नाही. दुसऱ्या वेळी तळाच्या आडव्यातिडव्या रेघा बघितल्या. एक टाका सोडून पुढच्यात खांब घालायचा, मग मागे येऊन सोडलेल्या टाक्यात दुसरा खांब घालायचा, की खांबांची फुली पडते. अशा फुल्यांच्या ओळी एकावर एक आल्या की नेमका तो तळ तयार होतो. हाताला जाणवणारा, जाड आणि थंडीत ऊबदार.

जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या नक्षीदार सिमेंट फरशाही अशाच बघा. एका फरशीवर पाव वर्तुळ असतं आणि चार फरशा जुळल्या की पूर्ण वर्तुळ दिसतं. चार चौकोन फिरवून जोडायचे, बास. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

पायरी दुसरी: आकडा चारात बसतो का बघा

क्रोशाचा चौकोन मध्यापासून बाहेर वाढतो आणि त्याला चार कोपरे असतात. म्हणून मध्यात जे काही गोल घ्याल त्याच्या संख्येला चारनं भाग गेला पाहिजे. गोधडीचं बरोबर उलटं. आमच्या आजीच्या गोधडीत धावदोरा काठापासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्याला येऊन संपे. तीच वाट उलटी चाललं की ग्रॅनी स्क्वेअर होतो. 1885 साली अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतीविषयक साप्ताहिकात असा चौकोन छापून आला होता, तोही उरल्यासुरल्या लोकरीचा उपयोग म्हणून. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय सांगायचं, उरलेलं कोण टाकतं?

आता चारचं गणित प्रत्यक्ष बघू. शनिवारवाड्याची भिंत मला जमली नाही, पण आतलं हजारी कारंजं जमलं. ते 16 पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं आहे. सोळाला चारनं भाग जातो, म्हणजे चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या वाट्याला चार पाकळ्या. मध्यम जाडीची लोकर, 4 मिलिमीटरची सुई आणि तीन रंग घ्या.

पहिली फेरी: 5 साखळ्यांचं कडं करा. 3 साखळ्या घाला, हा पहिला खांब धरायचा. कड्यात आणखी 15 खांब घालून सरकत्या टाक्यानं जोडा. एकूण 16.

दुसरी फेरी: त्याच रंगात. 4 साखळ्या (एक खांब आणि एक साखळी), मग प्रत्येक खांबावर एक खांब, एक साखळी. 16 खिडक्या पडल्या पाहिजेत. इथं मोजा. पुढे गेल्यावर मोजलंत तर उसवायला लागेल.

तिसरी फेरी: दुसरा रंग. प्रत्येक खिडकीत तीन खांबांचा गुच्छ, म्हणजे तिन्ही खांबांचा शेवटचा वेढा सुईवर ठेवायचा आणि सगळे एकदम बंद करायचे. प्रत्येक गुच्छानंतर 2 साखळ्या. ह्या 16 पाकळ्या. इथपर्यंत तुकडा गोल असतो आणि थोडा वाटीसारखा उचलला जातो. घाबरू नका, पुढच्या फेरीत तो बसतो. फारच उचलला तर 2 च्या जागी 3 साखळ्या घ्या.

चौथी फेरी: तिसरा रंग. पाकळ्यांमधल्या 16 जागांपैकी एक जागा कोपऱ्याची, पुढच्या तीन बाजूच्या, पुन्हा एक कोपऱ्याची. कोपऱ्यात 3 दुहेरी खांब, 2 साखळ्या, 3 दुहेरी खांब. त्यानंतरच्या जागेत 3 खांब, मधल्या जागेत 3 अर्धे खांब, पुढच्या जागेत 3 खांब. असं चारदा. गोलाचा चौकोन इथं होतो, कारण कोपऱ्यातले टाके उंच आणि बाजूच्या मधले बुटके. एका बाजूला 15 टाके येतात.

पाचवी फेरी: प्रत्येक टाक्यात एक खांब. कोपऱ्यात 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब. बाजू 19 टाक्यांची होते. माझा चौकोन 12 सेंटीमीटरचा होतो. तुमचा हात घट्ट असेल तर लहान होईल, त्यात काही बिघडत नाही, फक्त सगळे सारखे हवेत.

मग पाच पाकळ्यांचं काय, जास्वंदीचं, चाफ्याचं? पाचला चारनं भाग जात नाही. मी चाफ्याचा चौकोन तसाच रेटून नेला तेव्हा एक कोपरा कायम रुसल्यासारखा वाकडा राहिला. उपाय असा: पाकळ्या पुढे तरंगत्या ठेवायच्या आणि पाठीमागून साखळ्यांच्या 5 कमानी करायच्या. प्रत्येक कमानीत 4 खांब घातले की 20 होतात आणि 20 चारात बसतात. पाकळ्या आणि कोपरे जुळत नाहीत ते नाहीच, पण चौकोन सरळ येतो. खऱ्या फुलालाही चौकटीशी देणंघेणं नसतं.

पायरी तिसरी: चौकोन नको असेल तर रांगोळी

ठिपक्यांच्या रांगोळीत '15 ते 8' म्हणतात तेव्हा मधल्या ओळीत 15 ठिपके आणि वर-खाली एकेक कमी होत 8 पर्यंत. ठिपके दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात, म्हणून पूर्ण आकार षटकोनी होतो. प्रत्येक ठिपक्याच्या जागी क्रोशाचा एक षटकोन ठेवला की ब्लँकेट आखून झालं. एकूण 169 षटकोन लागतात. एक षटकोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये 8 सेंटीमीटरचा असेल तर ब्लँकेट 120 सेंटीमीटर रुंद आणि साधारण 106 सेंटीमीटर उंच होतं. षटकोनात गोलाचा आकडा सहाच्या पटीत हवा: 12, 18, 24.

आणखी एक सोय आहे. दिवाळीच्या अंकांत आणि रांगोळीच्या पुस्तकांत ठिपक्यांवर जी नक्षी असते, ती रेघा जोडून न काढता ठिपके रंगवून काढून बघा. कुठला षटकोन कुठल्या रंगाचा, त्याचा तक्ता आयता मिळतो.

पायरी चौथी: रंग लुगड्याकडून घ्या

रंग निवडताना सगळे फुलांकडे धावतात, मीही धावले. टेकडीवरचा पळस, एप्रिल-मेमधला बहावा, जांभळी ताम्हण. बहाव्याच्या पिवळ्याचं मी अख्खं ब्लँकेट केलं. रंग सुरेख होता, पण तासभर बघवत नाही. झाडावर तो पिवळा सुंदर दिसतो कारण सभोवती राखाडी उन्हाळा असतो. तो राखाडी मी घेतलाच नव्हता. कुठला रंग हे निम्मं काम, किती रंग हे उरलेलं निम्मं, आणि ते लुगड्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. अंग, काठ, पदर.

आईचं एक जुनं इरकल आहे. गडद निळं अंग, लाल काठ, लाल पदरावर पांढऱ्या पट्ट्या. मी पट्टी घेऊन मोजलं: पन्हा 46 इंच, दोन्हीकडे काठ 4-4 इंच. ब्लँकेट 92 सेंटीमीटर रुंद करायचं तर त्याच प्रमाणात काठ 8 सेंटीमीटरचा. माझ्या हातानं 10 सेंटीमीटरमध्ये खांबाच्या 9 ओळी बसतात, म्हणजे काठ 7 ओळींचा. एवढंच. अंदाजानं मी काठ दुप्पट रुंद केला असता आणि मग काहीतरी चुकलंय म्हणत बसले असते.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही: लुगड्याला काठ दोन आणि पदर एक. ब्लँकेटला आपण चारही बाजूंनी सारखीच किनार लावतो. पदरासारखं एकच टोक वेगळं करून बघा. पांघरूण अंधारातही सुलटं घेता येतं. पायाकडचं टोक तोंडाशी येत नाही, ही घरात एकदा लागलेली शिस्त मोडत नाही. लाल टोक मी डोक्याकडे ठेवते, तेलकट डाग कमी दिसतात.

विणायचा क्रमही लुगड्याचाच. कर्नाटकातल्या इलकल गावच्या ह्या लुगड्यांमध्ये अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि ते फाशांनी एकमेकांत अडकवतात. आपणही आधी अंग आडव्या ओळींनी विणायचं, त्याच ओळींवर पदर चढवायचा आणि शेवटी दोन्ही लांब कडांवरून टाके उचलून काठ घालायचा. उचलताना एका ओळीच्या कडेला 2 खांब. तीन घेतले तर काठाला चुण्या पडतात आणि एकच घेतला तर ब्लँकेट होडीसारखं वळतं.

पैठणीचा मोर मात्र सोडून द्या. कापडात तो दोऱ्यादोऱ्यानं वळणं घेतो, आपला टाका तेवढा बारीक नाही. पैठणीकडून घ्यायचा तो नारळी काठ, त्रिकोणांची रांग. त्याची कृती पुढे आहे.

पायरी पाचवी: बाजारात जायच्या आधी वजन करा

इथं मी सगळ्यात जास्त पैसे घालवले, म्हणून जरा सविस्तर.

घरातल्या उरलेल्या लोकरीचे, ठरवलेल्या डिझाइनचे, 10 चौकोन विणा. एकाचं वजन करू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर 6 ग्रॅमचा भरवसा नसतो. दहा एकदम ठेवा. माझे 10 कमळ-चौकोन 62 ग्रॅम भरले. आठ बाय दहाचं ब्लँकेट म्हणजे 80 चौकोन, म्हणजे 496 ग्रॅम. जोडणी, काठ आणि चुका यांसाठी पाचवा हिस्सा वाढवा: 600 ग्रॅम. प्रत्येक रंग किती लागतो हे कळायला विणायच्या आधी आणि नंतर त्या त्या रंगाचा गुंडा तोलायचा. बाहेरचा रंग आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त लागतो, कारण बाहेरची फेरी लांब असते.

मग तुळशीबाग, रविवार पेठ, जिथं तुमचं जमतं तिथं. दहा चौकोनांतला एक बरोबर न्या. लोकर दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका, दारात येऊन बघा. आणि शेड नंबरबरोबर लॉट नंबरही बघा, म्हणजे एकदम रंगवलेल्या मालाचा नंबर. मी एकदा शेड तोच आहे म्हणून दोन फेऱ्यांत लोकर घेतली. घरी गेल्यावर पांढरा पांढऱ्याशेजारी पिवळा दिसायला लागला. परत गेले तर काउंटरवरच्या मुलानं अगदी शांतपणे सांगितलं, "काकू, रंग तोच आहे. तुम्ही रात्री बघितलात." सकाळचे अकरा वाजले होते. आता सगळी लोकर एकदमच घेते. आधीच अशी चूक झाली असेल तर दोन्ही लॉट एकाआड एक चौकोनात वापरा. फरक सगळीकडे पसरला की तो ठरवून केल्यासारखा दिसतो.

ॲक्रिलिक की सुती? पुण्याची थंडी खरी बोचते ती डिसेंबर-जानेवारीत, बाकी वर्षभर पांघरूण पायापुरतं. मोठ्या ब्लँकेटला सुती दोरा फार जड होतो आणि जुलैत धुतलात तर तीन दिवस सुकत नाही, कुबट वास लागतो. बाळासाठी छोटं करायचं तर सुती, आणि नक्षीत मोठी भोकं ठेवू नका, बाळाची बोटं अडकतात. मोठ्यांसाठी ॲक्रिलिक. लाल आणि गडद निळी लोकर विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. फडकं रंगलं तर ती पांढऱ्याशेजारी नको.

पायरी सहावी: मांडणी, जोडणी, नारळी काठ

सगळे चौकोन जमिनीवर मांडा आणि खुर्चीवर उभं राहून बघा. एक रात्र तसंच राहू द्या. घरातल्यांना उड्या मारत जाऊ द्या. सकाळी एकाच रंगाचे तीन चौकोन शेजारी आलेले लगेच दिसतात.

जोडायला मी मुका खांबच वापरते, दोन चौकोन पाठीला पाठ लावून. आधी सगळ्या आडव्या रांगा, मग सगळ्या उभ्या. प्रत्येक बाजूला 19 टाके असल्यामुळे टाक्याला टाका जुळतो. जुळत नसेल तर चौकोन चुकलाय, ओढून बसवू नका.

नारळी काठासाठी आधी सगळीकडून मुक्या खांबांची एक फेरी. तिच्यातल्या टाक्यांना तीननं भाग गेला पाहिजे. मग 4 साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, तिसरीत अर्धा खांब, चौथीत खांब. फेरीतले 2 टाके सोडून तिसऱ्यात सरकता टाका. एक त्रिकोण झाला. सगळे एका बाजूला झुकतात, करवतीच्या दात्यांसारखे, तसेच झुकायला हवेत.

आणि एक, ज्याला डिझाइनच लागत नाही

परदेशात वर्षभराच्या तापमानाची ब्लँकेटं करतात, रोज एक ओळ, त्या दिवशीच्या तापमानाचा रंग. मी हिशेब केला. खांबाच्या 365 ओळी म्हणजे चार मीटर, ते पांघरूण नव्हे, सतरंजी. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याचा पारा हलतच नाही, दोन महिने एकच रंग. आपल्याकडे हलतो तो पाऊस. 1 जून ते 30 सप्टेंबर म्हणजे 122 ओळी, साधारण 135 सेंटीमीटर, अगदी मापात.

आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा घ्यायचा. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून इथं आलं होतं, म्हणून तिला अजून शिमला ऑफिस म्हणतात. पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजला जातो. तेव्हा संध्याकाळी खिडकीतून बघून रंग ठरवू नका, सकाळच्या आकड्याची वाट बघा. खात्याच्या पट्ट्या आयत्या आहेत: 2.5 मिलिमीटरच्या खाली तो पावसाळी दिवसच धरत नाहीत, 2.5 ते 15.5 हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 च्या वर जोरदार. पुण्यात बहुतेक दिवस हलकाच असतो, म्हणून मी हलक्याचे दोन भाग केले, 7.5 पर्यंत एक आणि पुढे दुसरा. कोरड्या दिवसाला मातकट रंग, मग फिकट हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत. जोरदार पावसाला मी पांढरा घेतला, कारण तेव्हा समोरचं काही दिसत नाही.

रोज रंग बदलतो तेव्हा ओळीच्या दोन्ही टोकांना दोरे लोंबतात, 122 ओळींचे 244. ते आत खोवत बसू नका. प्रत्येक टोकाला 15 सेंटीमीटर दोरा सोडा आणि शेवटी चार-चार एकत्र गाठ मारून झालर करा. झालर दोन्ही लांब बाजूंना येते, थोडी विचित्र, पण मला आवडते.

चुकलेला दिवस नंतर भरता येतो, आकडे कुठे जात नाहीत. मात्र हंगामाच्या मध्ये रंगांच्या पट्ट्या बदलू नका. पहिल्या वर्षी मी जूनच्या शेवटी पट्ट्या बदलल्या आणि आता त्या ब्लँकेटमधला जून कुणालाच वाचता येत नाही, मलाही नाही.

गेल्या खेपेला 30 सप्टेंबरची मातकट ओळ घालून मी दोरा कापला, ब्लँकेट धुतलं, गच्चीत वाळत घातलं आणि खाली चहा टाकला. चहा उकळेपर्यंत आला की जोराचा. ऑक्टोबरच्या त्या पावसाला ओळ मिळाली नाही. झालरीत एक पांढरा गोंडा जास्तीचा बांधलाय, तो त्याचा.